तंबोऱ्याच्या घरात शामिसेन

"घरात मिरजेचा तंबोरा असताना जपानी शामिसेन कशाला?" सुट्टीत सांगलीला गेले की हा प्रश्न ठरलेला. मावशी विचारते, आईकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुली विचारतात. एरवी "आवडलं म्हणून" एवढ्यावर मी सुटका करून घेते. पण आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मला ओढून नेलं ते एका तारेच्या आवाजानं.

टोकियोतल्या शिकवणीत शामिसेन पहिल्यांदा जवळून पाहिलं. लांब दांडी, कातड्यानं मढवलेलं चौकोनी खोड, तीन तारा आणि वाजवायला पसरट पात्याची बाची. बाईंनी सर्वांत जाड, खर्जाची तार छेडली आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकत होते. ती जवारी होती, तंबोऱ्याच्या तारेची ती झणझण!

जपानीत तिला 'सावारी' म्हणतात, म्हणजे स्पर्श. शब्दांचं साम्य निव्वळ योगायोगाचं, पण काम एकच. तंबोऱ्यात आपण घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतो. शामिसेनमध्ये ही करामत दांडीच्या वरच्या टोकाला असते. दोन बारीक तारा तिथल्या छोट्या पट्टीवर टेकतात, जाड तार मात्र पट्टीवर न टेकवता लाकडाला निसटती घासेल अशी खाली ठेवतात. काही वाद्यांत त्यासाठी दांडीच्या पाठीमागे एक स्क्रूही असतो. गंमत पुढेच आहे. बाकीच्या तारा सुरात लागल्या, की त्या छेडल्यावरही जाड तार आपणहून गुंजते. वाद्य लागलंय की नाही ते तीच सांगते.

हे वाद्य मुळात चीनचं. तिथून ते आजच्या ओकिनावात, म्हणजे तेव्हाच्या रयुक्यू राज्यात आलं. तिथं सापाचं कातडं लावलेलं 'सान्शिन' अजूनही वाजतं. सोळाव्या शतकाच्या मध्यास ते ओसाकाजवळच्या साकाई बंदरात उतरलं. तिथं ते बिवा हे जपानी तंतुवाद्य वाजवत कथा सांगणाऱ्या अंध गायकांच्या हाती पडलं, असं मानतात. बिवाच्या पडद्यांवर तार अशीच झणझणते. चिनी वाद्यात ही सोय नाही, सान्शिनमध्येही नाही. म्हणजे त्या लोकांनी परक्या वाद्यात आपल्या कानाला हवा असलेला आवाज मुद्दाम बसवून घेतला. मला याचं फार अप्रूप वाटतं. सापाऐवजी मांजराचं, कुत्र्याचं कातडं आलं, बोटातल्या नखीच्या जागी मोठी बाची आली, पण सगळ्यात मोलाचा बदल हाच.

पुढे काबुकी नाटक आणि बुनराकु बाहुलीनाट्य या वाद्यावर उभं राहिलं. पण मला आठवतात त्या जपानमधल्या निइगाता प्रांतातल्या 'गोझे'. या अंध बायका शामिसेन घेऊन, पुढचीच्या पाठीवरच्या गाठोड्याला हात लावून, एका रांगेत गावोगाव हिंडायच्या आणि रात्री कुणाच्या तरी घरी गायच्या. त्यांच्यातल्या कोबायाशी हारु 1900 साली जन्मल्या आणि 2005 साली गेल्या. लहानपणी कडाक्याच्या थंडीत नदीकाठी उभं राहून गायचं, असा त्यांचा रियाज होता. त्यांचं ध्वनिमुद्रण मी दिवे मालवून ऐकते.

आणि आणखी एक. उत्तम शामिसेनची दांडी ज्या लाकडाची करतात, ते आपल्याकडचं रक्तचंदन, आंध्रातल्या डोंगरांतलं. त्याच्या व्यापारावर आता कडक निर्बंध आहेत, त्यामुळे जुन्या दांड्या जिवापाड जपतात. रेशमी तारांचा पिवळा रंग परंपरेनं हळदीचा. हे कळल्यावर आईनं वाद्याला हळदकुंकूच लावायला सांगितलं होतं.

माझी दांडी साध्या लाकडाची आहे. परवा व्हिडिओ कॉलवर मी 'निआगारी' हा तारांचा मेळ लावत होते, म्हणजे सा प सा. मधली तार लागता लागेना. पलीकडे आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पंचम किंचित चढव." चढवला. जाड तार गुंजायला लागली.