दाराशी उभी राहिलेली आई

बालवाचनालयात शनिवारच्या गोष्टींच्या तासाला नवं मूल आलं की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. ‘नाव काय तुझं? कितवीत आहेस? एक कविता म्हणून दाखव बघू!’ मूल आईच्या ओढणीत तोंड लपवतं, आई ओशाळून म्हणते, ‘घरी खूप बोलतो हो.’ काम इथेच बिघडतं. मूल आज ना उद्या रमेल. पण पुढच्या शनिवारी त्याला आणायचं की नाही हे जिच्या हातात आहे, ती दाराशी ताटकळत उभी असते आणि तिची विचारपूस कुणीच केलेली नसते.

तिचे प्रश्न साधे असतात. चपला कुठे काढायच्या, आपण थांबायचं की जायचं, कार्यक्रम किती वाजता संपणार, पैसे किती. पाटी लावून हे भागत नाही, कारण लाजणाऱ्या मुलाला सांभाळत पाटी कोण वाचतं? तास साडेपाचचा असेल तर सव्वापाचपासून एकाने फक्त दाराशी थांबावं. त्याला सतरंजी घालायला पाठवू नका, पुस्तकांच्या नोंदीलाही बसवू नका. ‘आज तुम्हीही बसा, मागे खुर्च्या आहेत, साडेसहाला संपतं, पैसे नाहीत,’ एवढं त्याने आपणहून सांगितलं की आईचा जीव भांड्यात पडतो.

मुलाला सतरंजीच्या कडेला, वळून पाहिलं की आई दिसेल असं बसवा. शेजारी शांत, नेमाने येणारं मूल असावं. आपण हौसेने सगळ्यात बडबडं पोर शेजारी देतो आणि ते नव्याला प्रश्न विचारून भंडावून सोडतं.

फॉर्म अर्ध्या पानाचा पुरे, आणि तो गोष्ट चालू असताना भरून घ्यावा, दारात नव्हे. हाक मारायचं नाव (कागदावर अथर्व, घरी सोनू), वय, पालकांचा नंबर, न्यायला कोण येणार, आणि काय खाल्लेलं चालत नाही. हा शेवटचा रकाना हमखास राहतो. खाऊला शेंगदाण्याची चिक्की वाटली जाते आणि एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. न्यायला आजी येणार असं लिहिलंय आणि काका आले, तर मूल त्यांच्याकडे धावत गेलं तरी आईला फोन केल्याशिवाय सोडायचं नाही. फोटोची परवानगी वेगळी विचारा. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

निघताना एक पातळ चित्रांचं पुस्तक घरी द्या, अनामत न घेता. कार्यकारिणीत यावर कुरकुर होतेच. पण पुस्तक परत करायचं असतं म्हणून माणूस परत येतो. एखादं पुस्तक गेलंच, तर पन्नास-साठ रुपयांनी कुठलं वाचनालय बुडत नाही.

आता फोन. रविवार संध्याकाळ ते मंगळवार, एवढ्यातच करावा, आणि दाराशी जो भेटला त्यानेच. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान होतं’ यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी, ‘हत्ती चिखलात पडला तेव्हा सोनू पहिल्यांदा हसला, पाहिलंत का?’ असं काहीतरी त्याच मुलाचं सांगा. हे सोमवारी आठवत नाही, म्हणून शनिवारीच फॉर्मच्या मागे एक ओळ लिहून ठेवायची. फोन दोन मिनिटांचा. वर्गणीचा विषय त्यात काढायचा नाही.

न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालणं ही सर्वांत मोठी चूक. त्या बाईचा नंबर क्षणात शंभर अनोळखी लोकांसमोर जातो आणि पाठोपाठ सुप्रभातची फुलं सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादी (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, नंबर एकमेकांना दिसत नाहीत) बरी, पण तिची एक मेख आहे: समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर निरोप पोचतच नाही. आपण समजतो, कळवलं होतं तरी आले नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी समोर मिस्ड कॉल देऊन नंबर सेव्ह करून घ्यावा.

शुक्रवारी एक छोटा निरोप, वेळ आणि गोष्टीचा विषय सांगणारा. आले नाहीत तर पुढच्या शुक्रवारी आणखी एक, आणि मग थांबायचं. तिसऱ्या निरोपाला पाठपुरावा म्हणत नाहीत, पिच्छा म्हणतात.

आणि आलेच, तर दाराशी त्याच माणसाने ‘ये सोनू’ म्हणावं. सोनू, अथर्व नव्हे.