लोजबानमधले से, ते, वे, खे

लोजबान शिकायला घेतली तेव्हा धास्ती होती शब्द पाठ करण्याची. घाम काढला तो जागांनी. १९८७ साली लॉगलान या आधीच्या कृत्रिम भाषेतून फुटून निघालेली ही तर्काधिष्ठित कृत्रिम भाषा. मराठीत ‘मांजराने उंदीर पकडला’ म्हणा नाहीतर ‘उंदीर मांजराने पकडला’. ‘ने’ जागेवर आहे तोवर उंदराची सुटका नाही. लोजबानमध्ये विभक्तीच नाही. कोण कितव्या जागेवर बसलाय, त्यावर सगळं.

‘क्लामा’ म्हणजे जाणे. त्याला पाच जागा: जाणारा, पोचायचं ठिकाण, निघायचं ठिकाण, वाट आणि वाहन. ‘मी क्लामा ले झार्शी’ म्हणजे मी बाजारात जाते. (‘मी’ म्हणजे मीच, तेवढी फुकटची सवलत!) आता आधी ‘से’ लावलं की पहिली आणि दुसरी जागा एकमेकींत बदलतात: ‘ले झार्शी शु से क्लामा मी’ (‘शु’ एवढंच सांगतो की पुढे क्रियापद आलं). ‘ते’ पहिली-तिसरी बदलतं, ‘वे’ पहिली-चौथी, ‘खे’ पहिली-पाचवी. बाकीच्या जागा जिथल्या तिथे. म्हणून ‘ले झ्दानी शु ते क्लामा ले झार्शी मी’ या वाक्यात घर पहिलं आलं, मी तिसऱ्या जागेवर गेले, पण बाजार दुसरीतून हललेला नाही. कागदावर पाच आकडे मांडून फक्त दोनच खोडायचे, ही सवय लागली आणि गुंता सुटला.

तरी हा खटाटोप कशासाठी, ते पटत नव्हतं. ‘फा, फे, फी, फो, फू’ हे जागांचे बिल्ले आहेतच. ते लावून शब्द कुठेही ठेवता येतात, आणि विभक्तीची सवय असलेल्याला तेच जवळचे वाटतात. बरेच दिवस मी त्यांच्यावरच भागवलं. उत्तर मिळालं ते नाम बनवणाऱ्या ‘ले’पाशी. ‘ले’ नेहमी पहिल्या जागेवरच्याला उचलतो: ‘ले क्लामा’ म्हणजे जाणारा. मग वाहनाला काय म्हणायचं? ‘ले खे क्लामा’. तिथे ‘फू’ कामाचा नाही. ‘तावला’, म्हणजे बोलणे, घ्या: ‘ले तावला’ बोलणारा, ‘ले से तावला’ ऐकणारा, ‘ले ते तावला’ विषय, ‘ले वे तावला’ भाषा. एका क्रियापदातून चार नामं, आणि वेगळं काही पाठ करायला नको. माझ्या मते वाक्याचा क्रम फिरवणं हा ‘से’चा जोडधंदा, खरं काम हे.

जोडशब्दांत मात्र जपून. ‘से’ फक्त लगतच्या शब्दाला चिकटतं. ‘सुत्रा तावला’, म्हणजे भरभर बोलणारा, या अख्ख्या जोडीची उलटापालट हवी तर मध्ये ‘के’ घालून ‘से के सुत्रा तावला’ म्हणावं लागतं. नुसतं ‘से सुत्रा तावला’ म्हटलं की ‘से’ ‘सुत्रा’लाच लागतं आणि पहिल्या जागेवर बोलणाराच राहतो.