त्याचं हेल्मेट मी काढून घेतलं

कॅनडातल्या दक्षिण ऑन्टारिओमधल्या एका छोट्या गावाच्या ज्युनिअर सी, म्हणजे तरुण हौशी खेळाडूंच्या, आइस हॉकी संघाची मी ट्रेनर आहे. इथे ट्रेनर म्हणजे कोच नव्हे. बेंचच्या दाराशी उभं राहायचं, टेप, कात्री, गॉझ, पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि कुणी पडलं तर रेफ्रीनं हात केला की बर्फावर धावायचं. पोरं 16 ते 21 वयाची, पगार कुणालाच नाही. सप्टेंबरात सीझन सुरू होतो, शुक्रवारी रात्री अर्धं गाव रिंकवर असतं, फेब्रुवारीत प्लेऑफ लागतात. लांबून आलेली मुलं गावातल्या कुटुंबांकडे राहतात. त्या कुटुंबांना बिलेट म्हणतात.

त्या रात्री प्लेऑफची पहिली फेरी होती. सामन्याच्या तीनपैकी दुसऱ्या पीरियडमध्ये आमचा डावा विंगर, वय 17, कोपऱ्यात अडकलेला पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, काढायला गेला. मागून आलेल्या बचावपटूनं खांदा घातला आणि पोराचं डोकं काचेवर आपटलं. आवाज मला बेंचवर ऐकू आला. पेनल्टी मिळाली नाही. पोरगा आपला आपण उठला, खेळत राहिला, आणि शिफ्ट, म्हणजे बर्फावरची त्याची पाळी, संपल्यावर समोरच्या संघाच्या बेंचकडे निघाला. अर्ध्यात लक्षात आलं तसा वळला. स्टँडमध्ये काही जण हसले. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

आल्या आल्या म्हणाला, "आय ॲम गुड." नाशिकला फिजिओथेरपी शिकताना कबड्डीची पोरं "काही नाही, मॅडम" म्हणायची, तोच सूर. डोक्याला मार बसल्यावर मेंदू ताळ्यावर आहे का हे तपासायचे मॅडॉक्स प्रश्न मी विचारायला घेतले. बेंचवर उभ्या उभ्या विचारता येतील असे साधेच प्रश्न असतात ते: आपण कुठल्या रिंकवर आहोत, कितवा पीरियड चाललाय, शेवटचा गोल कुणाचा, मागचा सामना कुणाशी होता, जिंकलो का? रिंक बरोबर सांगितली. पीरियडही बरोबर, पण उत्तर देताना नजर माझ्या खांद्यावरून वर स्कोअरबोर्डकडे गेली. मी त्याला धरून पाठमोरा फिरवला आणि विचारलं, शेवटचा गोल कुणी केला? तो गप्प. शेजारच्या पोरानं हळूच नाव पुटपुटलं, यानं तेच मोठ्यानं म्हटलं. गोल पाचेक मिनिटांपूर्वीच झाला होता आणि त्याचा पास यानंच दिला होता.

मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. हेल्मेटशिवाय कुणालाच बर्फावर उतरता येत नाही, त्यामुळे वाद तिथेच संपतो. निदान संपायला हवा. आम्ही एका गोलनं मागे होतो. कोच वाकून म्हणाला, "पोरगा ठीक आहे म्हणतोय. तिसरा पीरियड तरी खेळू दे." मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. कोच वाईट माणूस नाही, पण पोरगा ठीक आहे की नाही हे पोरालाच विचारून ठरवायचं, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. हादरलेल्या मेंदूनंच मेंदूची खबर द्यायची, हे कसं चालेल?

मला बळ होतं ते रोवन्स लॉचं. ओटावाची रोवन स्ट्रिंगर शाळेकडून रग्बी खेळायची. मे 2013 मध्ये थोड्याच दिवसांत डोक्याला लागोपाठ मार बसले आणि 17 व्या वर्षी ती गेली. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदू सुजू शकतो, आणि ती सूज आवरत नाही. डोकं दुखतंय हे तिनं मैत्रिणींना मेसेजवर सांगितलं होतं. 2018 मध्ये ऑन्टारिओनं तिच्या नावानं कायदा केला: कन्कशनचा, म्हणजे मार बसून मेंदू हादरल्याचा, संशय आला की खेळाडू त्याच क्षणी बाहेर, आणि डॉक्टरांनी किंवा नर्स प्रॅक्टिशनरनं परवानगी दिल्याशिवाय सरावसुद्धा नाही. संशय पुरतो, खात्री लागत नाही.

ड्रेसिंग रूममध्ये त्यानं टॉवेल डोळ्यांवर ओढला आणि दिवा बंद करायला सांगितला. "आपण जिंकतोय का?" हे त्यानं दहा मिनिटांत तीनदा विचारलं. मग बिलेट काकू आत आल्या आणि त्यांनी जे सांगितलं त्यानं मी गारठलेच. मंगळवारच्या सरावानंतर तो जेवला नव्हता, पडदे ओढून झोपून होता. त्यांना वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. म्हणजे आजचा मार बहुधा दुसरा होता. ही खबर मला सोडून अर्ध्या घराला होती, आणि अर्ध्या संघालाही.

काकूंनीच त्याला इमर्जन्सीत नेलं. मी डॉक्टरांसाठी सगळं वेळेसकट लिहून दिलं: मार कधी, चुकीचं बेंच, पुटपुटलेलं नाव, मंगळवार. सुदैवानं मेंदूत रक्तस्राव नव्हता. सामना आम्ही हरलो, पुढे मालिकाही. पोरगा कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. आधी विश्रांती, मग थोडा वेळ शाळा, मग चालणं, मग एकट्यानं स्केटिंग. प्रत्येक पायरीला किमान 24 तास, डोकं दुखलं की थांबायचं. पूर्ण परवानगीचा कागद हातात आला तेव्हा रिंकचा बर्फ काढलेला होता.

कायद्याप्रमाणे दर वर्षी खेळाडूंनी कन्कशनची माहिती वाचून सही करायची असते, 18 च्या आतल्यांच्या पालकांनीही. बिलेट कुटुंबांचा त्यात उल्लेख नाही. येत्या सप्टेंबरात मी त्यांनाही बोलावणार आहे आणि पोरगा जेवला नाही, पडदे ओढून झोपला, तर कुठल्याही वेळी फोन करा म्हणून माझा नंबर देणार आहे. त्या बैठकीत मंगळवारची गोष्ट आपण स्वतः सांगू, असं त्या पोरानं कबूल केलंय.