रंगाचा डबा तसाच राहिला

आम्ही कॉलेजची नऊ मुलंमुली ब्रश आणि रोलर घेऊन एका आजींचं घर रंगवायला गेलो होतो. पोपडे खरवडायचे, रंगाचे दोन हात मारायचे, फोटो काढायचा. चार दिवसांचं काम! घरात त्या आणि त्यांचा नातू, दोघंच.

सोबतच्या गवंडीकाकांनी भिंतीवर हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. कुठे टणक आवाज, कुठे बद्द. "गिलावा सुटलाय. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर रंग पहिल्या पावसात खाली."

त्या शोधात अख्खा दिवस गेला. छताला ओल पंख्याच्या हुकाजवळ होती, म्हणून आम्ही स्लॅबवर नेमकी त्याच्या डोक्यावर भेग शोधत बसलो. तिथे काहीच नव्हतं. पाणी एकीकडून शिरतं, आतून वाट काढतं आणि भलतीकडेच टपकतं. मग मेन स्विच बंद केला आणि उताराच्या खालच्या टोकापासून एकेका पट्ट्यावर पाणी सोडत वर सरकलो. प्रत्येक पट्ट्यानंतर अर्धा तास थांबायचं. खाली एकजण टॉर्च घेऊन मान वर करून उभा. कठड्याशी पोहोचलो तेव्हा खालून आरडाओरडा झाला. हुकापासून चांगलं सात फूट लांब!

कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातली भेग छिन्नीने मोकळी केली, धुतली, वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने भरली आणि वर गोलसर वाटा काढला, म्हणजे सांध्याचा कोपरा मालाने भरून गोल केला, की तिथे पाणी थांबत नाही.

आतल्या गिलाव्याला मी उत्साहाने घमेली भरभरून माल कालवला, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. आम्ही नवशिके, हात चालेना. तासाभरात माल आवळायला लागला, तेव्हा मी गुपचूप वरून पाणी ओतलं. काकांनी बघितलं आणि एक शब्द न बोलता सगळा माल बाहेर ओतून दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नव्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि आमचे दिवस तर संपले होते. "मी मारते की," आजी म्हणाल्या. आठव्या दिवशी आम्ही रंगाचा डबा घेऊन हजर. काकांनी भिंतीला तळवा लावला आणि डबा परत पाठवला. पूर्ण वाळायला अजून काही आठवडे. कॉलेजच्या अहवालातल्या 'नंतर'च्या फोटोत नुसती करडी भिंत आहे.

पहिल्या पावसात आम्ही तिघं जाऊन आलो. हुकाखाली आजींनी सवयीने पातेलं ठेवलं होतं, कोरडं. न्हाणीच्या कोपऱ्यात मात्र नवी गळती.