होल तेच, आटे वेगळे

गेल्या शनिवारी दुपारी राधानगरीकडचे एक मामा वर्कशॉपवर आले. पिशवीत जुन्या ऑइल इंजिनचं एक कव्हर आणि सोबत नवाकोरा बोल्ट. "गावातनं आणला ओ. दोन आटे आत जातोय आणि तिथंच आडतोय." हातात घेतल्या घेतल्या कळलं. कव्हरचं होल चार सुती, म्हणजे अर्धा इंची, इंचाला १२ आटे, जुना इंग्लिश माल. दुकानदारानं होलाच्या मापावर नजर टाकून एम-१२ बोल्ट दिला होता. बारा मिलिमीटर आणि अर्धा इंच नुसत्या डोळ्याला सारखंच दिसतं. पण एम-१२ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पावणेदोन मिलिमीटर आणि ह्याचा दोनच्या वर. पहिले दोन आटे गोड बोलून आत घेतात, मग मान धरतात.

मी लेथवर बोल्ट काढायला बसलो आणि तेवढ्यात पुण्याहून धाकट्याचा फोन.

"दादा, पोराला पीएस फाइव्ह घ्यायचाय. डिस्कवाला घेऊ का बिनडिस्कचा? बिनडिस्कचा स्वस्त पडतोय."

"घरात पीएस फोरच्या सीड्या किती हाईत?"

"असतील पंचवीस-तीस."

"मग इचारतोस काय!" म्हणून मी फोन ठेवला, कारण टूल चालू होतं. रात्री जेवण झाल्यावर त्याला नीट समजावून सांगावं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की शेवटी इथंच टाकतोय.

(पीएस म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन, टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन. बिनडिस्कच्याला सीडी घालायची फट नसते, खेळ नेटवरून उतरवायचे. आणि आमच्या घरात डीव्हीडी असो, ब्ल्यू-रे असो, सगळ्याला सीडीच म्हणतात. सवय आहे, जात नाही.)

आमच्या पिढीला वाईट खोड लागली ती लहानपणी. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आमच्या पेठेत ज्याच्या त्याच्या घरी जो व्हिडिओ गेम होता, तो कुठल्या कंपनीचा हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणाचा काळा, कुणाचा पांढरा-लाल, कुणाला पिस्तूल जास्तीचं. पण कॅसेट कुणाचीही असो, मशीन कुणाचंही असो, बसायची आणि चालायची. लक्ष्मीपुरीतनं आणलेली '९९९९९९९ इन १' कॅसेट अख्ख्या गल्लीत फिरायची. (आत गेम मोजून पंधरा-वीस, तेच तेच पुन्हा.) कारण खूप वर्षांनी समजलं. ती सगळी मशीनं जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती आणि नक्कल करणाऱ्यांनी ६० पिनांचा सॉकेटही जसाच्या तसा उचलला होता. म्हणजे चोरीच्या मालात जे प्रामाणिकपणे पाळलं गेलं, ते पुढं अस्सल मालात दरवेळी मिळेलच असं नाही, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

२००६ च्या शेवटी मी पीएस टू घेतला. डिप्लोमा संपवून वडिलांच्या हाताखाली वर्कशॉपवर उभा राहायला लागलो होतो, पहिल्या वर्षाचे साठवलेले पैसे त्यात गेले. कारण एकच, प्रो इव्होल्यूशन सॉकर ६ (पीईएस) हा फुटबॉलचा गेम. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की इथं फुटबॉल म्हणजे काय. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असले की उद्यमनगरातली अर्धी शटरं दुपारनंतर खाली येतात. पीईएसमध्ये एडिट मोड होता. त्यात आपला संघ बनवता यायचा, जर्सी रंगवता यायची, बिल्ला ठिपका-ठिपका भरून काढता यायचा. आम्ही चौघांनी तीन रात्री जागून आमच्या पेठेचा संघ बनवला. गोलकीपरला खरा होता तसाच टक्कल दिलं. डाव्या बगलेवर खेळणाऱ्याचा वेग किती ठेवायचा यावरून भांडण झालं ते पहाटे तीनला चहावर मिटलं. हे सगळं ८ एमबीच्या मेमरी कार्डवर.

त्याच मशीनवर मावसभावाच्या पीएस वनच्या सीड्याही चालायच्या. मला उत्सुकता. वॉरंटी संपल्यावर एका रविवारी खोलून बघितला आणि मग नेटवर वाचत बसलो. पीएस टूच्या आत पीएस वनचा प्रोसेसर होता! पीएस वनची सीडी घातली की तो खेळ चालवायचा आणि पीएस टूचा खेळ चालू असला की कंट्रोलर, मेमरी कार्ड, आवाज असली वरकड कामं बघायचा. घरातल्या म्हाताऱ्यांनी शेती सोडली तरी गोठ्याकडं लक्ष ठेवावं, तसं. इतकी देखणी जुळणी मी यंत्रात फार बघितलेली नाही. जुनं चालावं म्हणून वेगळा खर्च नाही, तोच भाग नव्यातही कामाला लावलेला.

२०१० मध्ये पीएस थ्री घेतला, स्लिम. शहरातल्या एका दुकानात विचारलं, पीएस टूच्या सीड्या चालतील का? "चालतंय की!" कोल्हापुरात 'चालतंय की' हे उत्तर नसतं, ती पद्धत असते, हे मला कळायला हवं होतं. घरी येऊन सीडी लावली. मशीननं ती अलगद आत ओढून घेतली, फिरवली आणि हे आपल्यात चालत नाही म्हणून सांगितलं. दोन आटे आत, मग मान धरली. दुकानात परत गेलो तर तो म्हणाला, "पीएस वनच्या चालतात ना?" त्या चालत होत्या. खोटं बोलला असं म्हणता येईना.

नंतर कळलं की मी उशिरा पोचलो होतो. २००६ मध्ये जपान-अमेरिकेत आलेल्या पहिल्या पीएस थ्रीत पीएस टूच्या दोन्ही मुख्य चिपा बसवलेल्या होत्या. २००७ मध्ये युरोपात आला त्यात एक काढली आणि तिचं काम सॉफ्टवेअरवर ढकललं, त्यामुळं काही खेळ चालायचे, काही नाही. त्याच वर्षी ४० जीबीचं मॉडेल आलं त्यात दुसरीही गेली आणि पीएस टूचा विषयच संपला. मी स्वतः माल बनवून विकणारा माणूस, त्यामुळं मला यातलं दुःखही कळतं आणि हिशोबही. पहिला पीएस थ्री ५९९ डॉलरला विकूनसुद्धा कंपनीला तोटाच होता. अशा वेळी आतला एकेक भाग उचलून बघितला जातो, हा काढला तर मशीन चालतंय का? चालतंय. मग काढा. आम्हीही पंपाच्या बाबतीत हे केलंय.

पीएस फोरची गोष्ट वेगळी. तिथं भाग वाचवण्याचा प्रश्न नव्हता, आटेच बदलले होते. पीएस थ्रीत सेल नावाचा प्रोसेसर होता, सोनी, तोशिबा आणि आयबीएमनं मिळून केलेला. एक मुख्य आणि त्याच्याभोवती गणितं करणारी छोटी छोटी पोरं. खेळ लिहिणाऱ्यांनी ती पोरं राबवायच्या नाना युक्त्या काढल्या. २०१३ मध्ये पीएस फोर आला तो सरळ आपल्या कॉम्प्युटरच्या जातीचा, एएमडीचा आठ कोरचा. ब्ल्यू-रे डिस्क तीच, जायची फट तीच, आतली भाषा निराळी. होल तेच, आटे वेगळे. आणि तरीही पीएस फोर धडाक्यात खपला, हे मान्य केलं पाहिजे. जुनं चाललं नाही म्हणून लोक अडून बसत नाहीत. मीही बसलो नाही.

आटे वेगळे असले तरी इलाज असतो, हे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवाल्यांनी दाखवलं. एक्सबॉक्स वनचीही तीच अडचण होती. पण २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आधीच्या एक्सबॉक्स ३६० चे खेळ वनवर चालवू आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चालवले. नव्या मशीनच्या आत जुन्या मशीनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर. आम्ही अ‍ॅडॉप्टर बुश करतो ना, बाहेरून मेट्रिक, आतून इंची, तसलाच प्रकार. शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्या मित्राकडं मी हे प्रत्यक्ष बघितलं. ३६० ची जुनी, ओरखडे पडलेली डिस्क घातली. मशीननं फक्त ती ओळखली आणि अख्खा खेळ नेटवरून उतरवून घेतला. डिस्क नुसती किल्ली. सगळेच खेळ आले नाहीत. कुठं गाण्यांचे हक्क संपलेले, कुठं गाड्यांच्या नावांचे, कुठं मूळ कंपनीच बुडालेली. २०२१ च्या नोव्हेंबरात शेवटचा गठ्ठा टाकून त्यांनी तो कारखाना बंद केला.

निन्टेन्डोचं मला जवळून माहीत नाही, आपल्याकडं ते अधिकृत विकतच नाहीत. पण २०२५ च्या स्विच टूत जुन्या स्विचच्या बहुतेक कॅसेटी चालतात. जुने कंट्रोलर अंगाला बसत नाहीत, पण बिनतारी जोडले की चालतात. बरं केलं.

आता यावर एक आक्षेप नेहमी येतो. २०१७ मध्ये सोनीच्याच जिम रायन यांनी एका मुलाखतीत म्हटलं होतं की जुने खेळ चालण्याची मागणी फार होते, पण प्रत्यक्षात ती सोय फारशी वापरली जात नाही. खरं असेल. माझ्या रॅकवर चार सुती बोल्टचे दोन डबे आहेत, वर्षाला त्यातले वीस-पंचवीस जातात. वडील होते तेव्हा मी एकदा म्हटलं, हे काढून टाकूया, जागा अडवतंय. ते म्हणाले, "बोल्ट इकत न्हाई आपण. ह्यांच्याकडं मिळतंय, हे इकतोय." राधानगरीच्या मामांनी परवा त्या एका बोल्टाबरोबर नवा फूटव्हॉल्व्ह नेला.

वापर किती, हे मोजून सोयीची किंमत निघत नाही. पीएस फोरच्या शेवटच्या दोन वर्षांत मी चार-चार हजारांचे खेळ घेतले. नवं मशीन येणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी घेतले. नव्यावर ते चालणार नाहीत असं कुणी सांगितलं असतं तर मी हात आखडता घेतला असता आणि दुकानदाराकडं माल पडून राहिला असता. पीएस फाइव्हच्या चिपमध्येच जुन्या मशीनच्या चालीनं चालायची सोय ठेवली होती. ४००० च्या वर पीएस फोरचे खेळ, त्यातले जवळजवळ सगळे चालतात. जुना कंट्रोलर मात्र जुन्या खेळापुरताच, नव्या खेळाला नवा लागतो.

म्हणून धाकट्या, डिस्कवाला घे. २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० होता, दहा हजारांचा फरक. आजचे भाव तू बघ. पण बिनडिस्कचा घेतलास आणि डिस्कचा ड्राइव्ह वेगळा जोडला नाहीस तर घरातल्या तीस सीड्या त्या दिवशी ताटाखाली ठेवायच्या लायकीच्या झाल्या. तेच खेळ पुन्हा ऑनलाइन घेशील तर त्या फरकात मोजकेच यायचे. आणि ऑनलाइन घेतलेलं कायमचं असतं असंही नाही. निन्टेन्डोनं वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या मशीनांचं ऑनलाइन दुकान २०२३ च्या मार्चमध्ये बंद केलं, एक्सबॉक्स ३६० चं २०२४ च्या जुलैत. घेतलेलं उतरवता येतं, नवं घेता येत नाही. सीडी निदान विकता येते, उसनी देता येते. तुझ्या सात तर माझ्याकडंच आहेत.

सीडीवर माझा एवढा जीव का, ते २०१९ चा पूर सांगेल. तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला राहायचो. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, ती तर कधीच मागं पडली होती. आम्ही राजारामपुरीत बहिणीकडं. आठवड्यानं घरी आलो तर टीव्हीखालचं कपाट चिखलानं गच्च. पीएस टू उचलला तर आतनं गाळ गळाला. सीड्या मात्र बायकोनं भांड्यांच्या साबणानं एकेक धुतल्या आणि अंथरलेल्या चादरीवर मांडल्या. चाळीसच्या चाळीस चकचकीत. सगळ्या चांगल्या असणार, पण लावायच्या कशात? घरात तेव्हा पीएस थ्री होता, पीएस फोर होता, दोन्ही माळ्यावर असल्यानं वाचलेले. फट दोघांनाही होती.

पुढच्या वर्षी इचलकरंजीच्या एकाकडनं जुना पीएस टू १८०० रुपयांना आणला. पीईएस पहिल्या फटक्यात चालू झाला. मेमरी कार्ड मात्र मेलं होतं. आठवडाभर वाळवलं, पिना ब्रशनं घासल्या, काही नाही.

या दिवाळीत पुतण्या आला होता तेव्हा त्याला घेऊन संघ पुन्हा बनवायला बसलो. सात नंबर कुणाचा होता ते आठवेना. तिघा मित्रांना फोन केले, तिघांनी तीन नावं सांगितली आणि एकानं तर स्वतःचंच सांगितलं. टकल्या गोलकीपरबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. मी चहा आणायला आत गेलो तेवढ्यात पुतण्यानं स्वतःला सेंटर फॉरवर्ड करून टाकलं. वेग ९९, शॉट ९९, हेडर ९९.

"अरे, हेडर तरी कमी कर, तुझी उंची किती!"

"काका, सेव्ह झालं."