दातांच्या खुणा

"हे घासून काढून देऊ का?" लंडनमध्ये पोर्टोबेलो रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात म्हाताऱ्या विक्रेत्यानं विचारलं आणि मी घाईघाईनं "नको, नको" म्हणाले.

हातात जुना ब्रायरचा पाइप होता. आमच्याकडे कुणी तंबाखू ओढत नाही. लाकडाची नक्षी बघून थांबले, इतकंच. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ, सहजी जळत नाही.

चांदीच्या कड्यावर भिंगातून छाप दिसले. सिंह म्हणजे ९२५ ची चांदी (हजारात ९२५ भाग शुद्ध), एका अक्षरावरून साल, आणि जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. (तिथं समुद्र नाही, तरी नांगर!) चांदीची सगळी कुंडली कळली. पाइप कोरणाऱ्या हाताचं नाव मात्र कुठंच नाही.

आणि त्या कडक रबराच्या काळ्या नळीवर, टोकाशी, दातांचे दोन खळगे. वर्षानुवर्षं एकाच जागी धरलेले. तो पुसायला निघाला होता ते हेच.

आता पाइप माझ्या टेबलावर आहे, पेनांशेजारी. बोट सारखं त्या खळग्यांपाशी जातं.

आजोबांचा अडकित्ताही असाच अंगठ्यापाशी झिजलेला होता. आम्ही तो मोडीत दिला.

तुमच्याकडे उरलंय का असं काही?