ज्यू वस्तीसाठी शहर कसंय ते शनिवारी कळतं

एखादं शहर ज्यू लोकांना राहायला कसं आहे हे बघताना लोक सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) किती, कोशर (ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणारी) हॉटेलं किती, म्युझियम आहे का हेच मोजत बसतात. मला वाटतं खरा प्रश्न वेगळाच आहे, शनिवारी सकाळी लहान मुलं घेऊन चालत सिनेगॉगला जाता येतं का? शब्बातला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, धार्मिक ज्यू गाडी वापरत नाहीत, बस-मेट्रोही नाही (सगळेच ज्यू इतकं कडक पाळत नाहीत, पण जे पाळतात त्यांचं अख्खं आयुष्य यावर बेतलेलं असतं). म्हणजे घर चालत जाण्याइतकं जवळ हवं आणि रस्ताही धड हवा. सिग्नलचं बटण दाबल्याशिवाय रस्ता ओलांडताच येत नसेल तर झाली पंचाईत, कारण त्या दिवशी विजेचं बटण दाबायचं नसतं.

घरात तान्हं बाळ असेल तर अजून अवघड. शब्बातला सार्वजनिक रस्त्यावर काही उचलून किंवा ढकलत न्यायचं नाही, बाबागाडीसुद्धा नाही. यावर तोडगा म्हणजे एरुव. वस्तीभोवती खांब आणि तारांची सलग हद्द आखतात, जमेल तिथे आधीचेच विजेचे खांब, भिंती, कुंपणं वापरतात, मग आतला भाग धर्माच्या हिशोबाने एका घरासारखा धरतात. दर आठवड्याला शब्बातच्या आधी कोणीतरी अख्खी हद्द फिरून बघतं, तार कुठे तुटली असेल आणि सूर्यास्तापूर्वी जोडता नाही आली तर सगळ्यांना निरोप जातो, आणि मग बाळाला सांभाळत कोणालातरी घरीच थांबावं लागतं, बहुतेक वेळा आईला.

आता या तारेला परवानगी स्थानिक प्रशासनाची लागते, आणि इथेच शहराची नियत दिसते. मॅनहॅटनमध्ये एरुव आहे, तिथल्या कित्येकांना आपण त्या तारेखालून जातोय याचा पत्ताही नसतो. पण उत्तर-पश्चिम लंडनमध्ये २००३ ला एरुव सुरू होण्याआधी वर्षानुवर्षं वाद चालला, मॉन्ट्रियलच्या उत्रमोंमध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये निकाल ज्यू रहिवाशांच्या बाजूने लागला, न्यू जर्सीतल्या टेनाफ्लायमध्येही कोर्टाची पायरी चढावी लागली. कोणाला दिसतही नाही अशा तारेसाठी एवढं भांडावं लागतं याचा मला खरंच राग येतो.

आणि तार मिळाली तरी घरभाडं आहेच. सगळ्यांनाच सिनेगॉगपासून चालत जाण्याच्या अंतरात राहायचं, म्हणजे तेवढ्याच गल्ल्यांमध्ये भाव चढतात, चार-पाच मुलांच्या घराला मोठा फ्लॅट परवडत नाही, तरुण जोडपी लांब जातात. मग ऑर्थोडॉक्स (धर्माचे नियम कडक पाळणाऱ्या) ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषही जमेनासे होतात, इमारत तेवढी उरते. सणासुदीला शुभेच्छांचे बोर्ड लावणाऱ्या प्रत्येक पालिकेने आधी या गल्ल्यांमध्ये परवडणारी मोठी घरं बांधू द्यावीत.